तिसरी पिन

नाही हो दादा, फक्त डावा स्पीकर नाही, दोन्ही. कान जवळ न्या ना जरा. येतंय ऐकू? घऽऽर... बरणीत माशी अडकल्यासारखं. आता ही मागची आवाजाची वायर काढतो — गेलं? पुन्हा लावतो — आलं! म्हणजे स्पीकर निर्दोष, भानगड वायरीवाटे येतेय, एवढं मलाही कळतं. वायर बदलली, मोबाईल बाहेर ठेवला, ट्यूबलाइट बंद केली, शेवटी घरातला फ्रीजसुद्धा बंद करून पाहिला — दूध नासलं, घरघर जागेवर. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं झालंय माझं. आणि ही एक गंमत बघा, मिक्सरवर — आवाजाचा हो, चटणीचा नव्हे — त्याच्या पत्र्यावर हात ठेवला की घरघर कमी होते. बघा. आहे की नाही? मी तर म्हणायचो, यंत्रालासुद्धा मालकाचा हात कळतो.

पूर्वी याहून वाईट होतं. नुसती घरघर नाही, हंबरडा! तो मी घालवला, एकट्यानं, तुमच्यासारख्या वायरमनला न बोलावता. कसा म्हणजे? तुम्ही प्लग उपसताय तर बघाच — तिसरी पिन. दोन्ही स्पीकरची आणि मिक्सरची, करवतीनं सफाचट. पिन गेली, हंबरडा गेला. असे का बघताय? या धंद्यात सगळेच कापतात. मला शिकवणाऱ्यानंही कापली होती, आणि तो अजून ठणठणीत आहे.

घाई का? अहो, कादंबरीचं शेवटचं प्रकरण अडलंय. बायको माइकवर पुस्तकं वाचते, त्या काचेपलीकडच्या खोलीत, आणि मी इथे बसून रेकॉर्ड करतो. घरचाच कारखाना. तिचा आवाज ऐकाल तर — असो. तर ती बहिणीकडे जाऊन बसली. का, तर म्हणे माइकच्या स्टँडला हात लावला की मुंग्या येतात, ओठ जाळीला टेकला की चटका बसतो. आता मी तोच स्टँड रोज उचलून ठेवतो, मला कधी मुंगी आली नाही! मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. गमतीत हो, नवरा-बायकोत चालतं एवढं — नाही चाललं. वाचता वाचता मधेच थांबायची, हात मागे घ्यायची, मी इथून ओरडायचो, पुन्हा पहिल्यापासून. एकदा रडलीसुद्धा. मला वाटलं, कामाचा कंटाळा आला, निमित्त शोधतेय. जाताना म्हणाली, तुला माशीची घरघर ऐकू येते, माझं मात्र ऐकू येत नाही.

काय विचारलंत? पायात? माझ्या पायात चप्पल, ही काय. तिच्या — नाही, ती अनवाणी. मीच काढायला लावतो ना! रबराची कुरकुर माइकमध्ये येते. फार बारीक येते, पण मला ऐकू येते. ती म्हणायची, चप्पल घातली की बरं वाटतं रे, राहू दे. मी म्हणायचो, लाड पुरे. फरशी गार आहे तिथली, सिमेंटची, हो, ओल धरते कधीकधी. पण त्याचा इथे काय — प्लग परत लावून आत कुठे निघालात? तो टेस्टर कशाला? स्टँड आहे तो, बटण नाही. त्यात वीज कुठून...

लागला. दिवा लागला.

पुन्हा लावा बरं. माइकच्या जाळीला लावा. — बास, बास, काढा. बंद करा सगळं.

म्हणजे जो करंट त्या पिनेतून जमिनीत जायचा, तो पत्र्यावर, पत्र्यावरून वायरीत, वायरीतून या जाळीवर — आणि मग ती हात लावते, अनवाणी. आणि मी हात ठेवला की घरघर कमी व्हायची ती माझ्याच अंगातून वाट काढून... समजलं. नका सांगू. आणि उपाय काय होता? सगळं एकाच बोर्डावर जोडायचं आणि पिना असू द्यायच्या? एवढंच? बास, एवढंच?

दादा, ती आज येतेय. शेवटचं प्रकरण वाचून मोकळी होते, म्हणाली. मोकळी — मी आपलं पुस्तकापुरतंच धरलं. मी आज तिच्यासाठी खोली पुसून घेतलीय. ओल्या फडक्यानं, धूळ घशात जाऊ नये म्हणून. दार वाजलं का? तीच. तुम्ही काही बोलू नका. नाही, बोला, तुमचं ऐकेल तरी — नको. मीच. जरा बाजूला व्हा.

अगं, चप्पल काढू नकोस. नाही, राहू दे पायात. कुरकुरली तर कुरकुरू दे. घालूनच ये आत.