दिसला का वाघ?

…नाही, आधी मला एक सांगा, तुम्हीसुद्धा तेच विचारायला आलात ना? मग विचारून टाका एकदाचं. दिसला का वाघ! अहो, सांगलीला परत आल्यापासून मला दुसरा प्रश्नच कुणी विचारलेला नाही. घाटावर धुणं घेऊन गेले, दिसला का वाघ? गिरणीवाला पीठ भरता भरता, काय वहिनी, दिसला का वाघ? आणि गणपतीच्या देवळात पुजारी तीर्थ देतायत, मी हात पुढं केलाय, तीर्थ पळीतल्या पळीत, आणि हे वाकून हळूच, "वाघ दिसला म्हणे?" अहो, पोरगी गोवरानं अर्धी होऊन आलीय, तिला विचारा ना कुणीतरी, बाळ, बरी आहेस का म्हणून! नाही. वाघ!

तुम्हाला सांगते, मला जायचंच नव्हतं. म्हणजे… जायचं होतं. खोटं कशाला बोलू? लग्न झाल्यापासून नरसोबाची वाडी आणि माहेरचं वाई सोडून मी पाहिलंय काय? तर यांचे कॉलेजातले एक दोस्त आहेत, आप्पासो. पाटणच्या पुढं, कोयनेच्या खोऱ्यात, अगदी रानाच्या तोंडाशी त्यांचं गाव. शिमगा झाला की तिथं रान उठवतात, डबे बडवत माणसं जनावर हाकलत आणतात आणि हे लोक मचाणावर बसून वाट बघतात. दरवर्षी त्यांचं यांना बोलावणं, आणि दरवर्षी हे म्हणणार, पेपर तपासायचेत. यंदा म्हणाले, जाऊ या सगळेच, लढाई संपलीय, चारूलाही वाघ दाखवू.

चारूला! सहा वर्षांची माझी चारुलता, तिच्याकडं एक लाकडी वाघ आहे, कान तुटलेला, पायांना चाकं. दोरी बांधून घरभर ओढते. तिनं त्या दिवसापासून माझा जीव खाल्ला. आई, खऱ्या वाघाला चाकं असतात का गं? मी म्हटलं, नसतात. तुला काय माहीत, तू बघितलायस? आता यावर मॅट्रिक झालेल्या बाईनं काय बोलायचं? म्हटलं, जाऊ, दोघी मिळून बघू, आणि चाकं आहेत का तेही बघू. शब्द दिला हो मी तिला. दोघी मिळून.

आता माझा एक स्वभाव आहे, तो तुम्हाला सांगायला नको. मला काळजी वाटते. कशाचीही वाटते. बाळंतपणात वडिलांनी मला थर्मामीटर आणून दिला तेव्हापासून तो माझ्या उशाशी असतो, आणि पोरगी शिंकली की तिच्या काखेत जातो. घरात सगळे हसतात. आमचे मधुकर भावोजी तर एकदा म्हणाले, वहिनी, चौकातल्या मारुतीलाही लावून बघा, केवढा लाल झालाय! हे काही बोलत नाहीत, नुसते हसतात. ते जास्त लागतं.

तर निघायच्या सकाळी चारूचं नाक गळत होतं. डोळे पाणावलेले. गाल कोमट. मी थर्मामीटरची नळी हातात घेतली, आणि वर बघते तर भावोजी दारात उभे! खास शिवून घेतलेली खाकी अर्धी विजार, डोक्यावर साहेबी टोप, गळ्यात कुणाची तरी मागून आणलेली दुर्बीण, आणि चेहऱ्यावर तेच मारुतीवालं हसू. यांनीही माझ्या हातातली नळी पाहिली. मी चारूकडं पाहिलं, ती लाकडी वाघाला सांगत होती, तू घरी थांब, तुझा भाऊ बघून येते. इतकी फुललेली हो पोर! मनात म्हटलं, बाई गं, एक दिवस तरी शहाण्यासारखी वाग. आणि ठेवला थर्मामीटर ट्रंकेत, पार तळाशी, लुगड्यांखाली. आयुष्यात पहिल्यांदा मी काळजी केली नाही, आणि गेलो आम्ही वाघ बघायला!

कऱ्हाडपर्यंत रेल्वे, पुढं मोटार. पण मोटार कसली, पेट्रोल कुठं मिळतंय, कोळशावरची! मागं ही एवढी भट्टी बांधलेली, चढ आला की गाडी दम टाकणार, क्लीनर उतरून भट्टी ढोसणार आणि उतारू उतरून ढकलणार. भावोजी टोपासकट ढकलतायत! आणि धूर असा, की चारूला खोकला लागला तर सगळे म्हणाले, धूर. डोळे लाल झाले, धूर. अंग तापलं, अहो वहिनी, भट्टीशेजारी बसलीय ना ती! मलाही पटलं. पटवून घ्यायचं असलं की काय पटत नाही?

पाटणच्या पुढं उतरलो, तिथून आप्पासोंची बैलगाडी. वाड्यासमोर हे एवढे हाकारे जमलेले, कुणाकडं डबे, कुणाकडं हलगी, आप्पासो बंदूक पुसतायत, जेवणावळीचा बोकड खुंट्याला बांधलेला. आप्पासो ओरडले, "या या मास्तर! उद्या सकाळी रान उठवायचं. लय मोठं धूड हाय, परवा वढ्याला माग दिसलाय!" चारू गाडीतूनच ओरडली, चाकं आहेत का त्याला?

आणि त्यांच्या मातोश्री पुढं आल्या. राहीबाई. उंच, कपाळावर हे एवढं गोंदण. त्यांनी चारूला गाडीतून उतरवलं ते कडेवरच ठेवलं, उजेडाकडं तिचं तोंड केलं, कानामागं बघितलं, आणि एकच शब्द बोलल्या. "गवर."

संपलं! तुम्हाला सांगते, सरकारी हुकूमसुद्धा इतका भराभर अमलात येत नाही. "आप्पा, बंदूक दे हिकडं. बया आलीया घरात, रगत सांडायचं न्हाई." बया म्हणजे गोवराची देवी. बंदूक देवघरात, वर हळदकुंकू. "ए, बडवू नगा रं काय! घरला जावा समदी." हाकारे डबे काखेत मारून गेले. दाराला कडुलिंबाचे डहाळे. चुलीवर कढई चढायची नाही, फोडणी बंद, तळण बंद, दाढी बंद, मोठ्यानं बोलणं बंद. बोकडाला जीवदान! तो मेला बोकड तेव्हापासून असा ओरडायचा, जणू आमचे आभार मानतोय. पाहुण्यांनीही उंबरा ओलांडून गावात जायचं नाही. भावोजी बिचारे, खाकी विजारीत, वाढलेल्या दाढीनं, बिनफोडणीची आमटी भुरकत बसायचे आणि दुर्बिणीतून बोकड बघायचे. वर्षभर तोंडाला पाणी सुटलेले गावकरी पलीकडं बसून आमच्याकडं बघायचे.   शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मात्र पहिली ट्रंक उपसली. लुगडी इकडं, पोलकी तिकडं, आणि थर्मामीटर चारूच्या काखेत. आणि मग, काय सांगू, मी तो काढलाच नाही म्हणा ना. निघायच्या सकाळी पाहिला नाही त्याची भरपाई! घटकेघटकेला बघायची. बाई, गोवर फुटत नाही, ताप उतरत नाही, पोरीचा श्वास असा वाजतोय, न्यूमोनिया झाला तर? मी यांना म्हटलं, डॉक्टर आणा. राहीबाई म्हणाल्या, "बया घरात अस्ताना दागदर? पोरी, तिला राग यील." मी म्हटलं, येऊ दे! आणि लगेच मनात, नको बाई, कशाला आणखी राग. म्हणून डॉक्टरला निरोपही धाडला आणि उशाखाली कडुलिंबही ठेवला. शिकलेल्या बाईचं हे असं असतं, धड इकडं नाही, धड तिकडं नाही.

डॉक्टर आले घोड्यावरून. चारूची छाती तपासली, म्हणाले, गोवर पुरता फुटू द्या, अंधारात ठेवा, डोळ्यांना उजेड नको, वारं नको. मग सोप्यात जाऊन बसले आणि हळूच, "आप्पासो, शिकार कधी मग?" आप्पासोंनी देवघराकडं बोट केलं. आमटी मात्र जेवून गेले.

आता ऐका. शेवटचं ऐका, म्हणजे पुन्हा विचारणार नाही कुणी.

मागच्या खोलीत चारू. खिडकीला राहीबाईंचं काळं घोंगडं. दुपार कलंडलेली. वाडा असा शांत की पाल चुकचुकली तरी ऐकू यावी. पुढं सोप्यात हे सगळे आवाज न करता पत्ते खेळतायत. पोर तापानं फणफणलेली. मी थर्मामीटर काढला, पण अंधारात पारा दिसेना! म्हणून घोंगड्याचा एक कोपरा सरकवला, उजेड पोरीच्या तोंडावर पडू नये म्हणून मध्ये उभी राहिले, खिडकीकडं पाठ केली, आणि ती काचेची कांडी वर धरून फिरवतेय, अशी फिरवतेय, तशी फिरवतेय, ती चंदेरी रेघ कुठं सापडेचना. चारू उशीवरून माझ्या काखेखालून बाहेर बघत होती.

"आई, वाघ."

म्हटलं, हो हं राणी.

"आई, तो पाणी पितोय."

पिऊ दे. मी रेघ शोधतेय!

"आई, त्याला चाकं नाहीत गं."

 म्हटलं, वात झाला, पोर बरळायला लागली, आता ही काही… आणि नेमकी तेव्हा रेघ सापडली. एकशे तीन आणि वर दोन. गोठ्यात म्हैस धडपडली, राहीबाई आतून म्हणाल्या, "म्हशीला काय झालं बगा गं कुणीतरी," पण कोण बघतंय? मी घोंगडं ओढून घेतलं, पोरीच्या कपाळावर पट्टी ठेवली, आणि तिच्या डोळ्यांवर हात. "झोप माझी बाय, काही नाही तिथं." ती म्हणाली, "तू बघ ना." मी म्हटलं, बघितलं गं, बघितलं!

त्या रात्री गोवर अंगभर फुटला आणि सकाळी अंग गार. मी देवापुढं रडत बसलेय, तोवर मागून आप्पासोंची हाक. खिडकीखाली जनावरांची दगडी डोण आहे ना पाण्याची, तिच्या कडेच्या चिखलात पंजे. हे एवढे. सपाट. खिडकीपासून पाच हातांवर! उन्हानं ओढे आटलेले, वाड्यात ना फोडणीचा वास, ना डबे, ना आवाज. त्याला वाटलं असेल, माणसं गेली कुठं तरी. आरामात पाणी पिऊन गेला.

राहीबाईंना काही आश्चर्य नाही. "बया निगाली. तिला न्ह्याला तिचं वाहन आलं हुतं." यांच्यातला मास्तर जागा झाला, म्हणाले, "आई, शीतळादेवीचं वाहन गाढव असतं." राहीबाईंनी एकवार यांच्याकडं बघितलं, मग भावोजींच्या विजारीकडं, आणि म्हणाल्या, "व्हय? ती आदीच आल्यात की सांगलीसनं."

हसा, हसा. मीही हसले. पोर वाचली, आणखी काय हवं? काही नकोच. फक्त एवढंच, की ज्या सकाळी थर्मामीटर बघायचा त्या सकाळी मी पोरीचं तोंड बघितलं, आणि ज्या दुपारी तिच्या तोंडाकडं बघायचं… जाऊ दे. निघताना बैलगाडीत ती मला म्हणाली, "आपण दोघींनी बघितला ना गं?" मी हो म्हटलं. काय म्हणणार? तिला अजून तेच वाटतंय.

त्यामुळं झालंय काय, की आता कुणी विचारलं, दिसला का वाघ, तर मी तोंड उघडायच्या आत तीच माझ्या पदराला धरून सांगते, हो, मी आणि आईनं बघितला, त्याला चाकं नसतात! की लगेच सगळ्याजणी माझ्याकडं वळतात. अगंबाई! खरंच? कसा होता हो? केवढा होता?

केवढा होता म्हणून काय सांगू? एकशे तीन होता. आणि वर दोन बारीक रेघा.