तिफणीचा ट्रे

...नाही, नाही, चहाचं नाव काढू नका माझ्यासमोर! बसा तुम्ही, पाणी घ्या, डांगर, म्हणजे खरबूज हो, कापतो, पण चहा... अहो, त्या चहापायी काय झालं ते तुम्हाला सांगतो, म्हणजे तुम्हीच म्हणाल, पितांबर, बाबा, तू गप पड. हातावरचे हे फोड बघितले? हे जिनातल्या कामाचे नाहीत. कापसानं कधी फोड येतात का माणसाला? हे ट्रेचे आहेत. हो, ट्रेचे! लाकडी ट्रे. घरी केलेला. मी केलेला!

आता मूळ काय, तर आमची बेबा. गेल्या साली भडगावला दिली. घर चांगलं, जावई चांगला, व्याही म्हणजे अभिमन आबा, माणूस देवासारखा, पण धोतर बगळ्यासारखं. आणि लग्नात भर मांडवात आमच्याकडून चहा गेला तो पितळी ताटातून. ताट गुळगुळीत, कप गुळगुळीत, आणणारा घाबरलेला... सगळे कप एकीकडून दुसरीकडे घसरत गेले ते थेट आबांच्या मांडीवर! आबा काही बोलले नाहीत. नुसते धोतराकडे बघत बसले. बोलले असते तर परवडलं असतं हो! दिवाळीला बेबाला आणायला माणूस पाठवला, निरोप आला, "पोर कामात शे." संक्रांतीला पाठवला, "पोर कामात शे." आता आली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लग्नानंतरची पहिली आखाजी, आणि खान्देशातली पोर माहेरच्या झोक्यावर नाही? आमची कमलबाई लिंबाच्या फांदीला बांधायचा दोर रोज बाहेर काढायची, रोज झटकायची आणि रोज परत ठेवायची. मला बघवेना. बाप आहे हो मी, मलाही पोरीची आठवण येते, पण आम्ही बोलतो का?

तेवढ्यात निरोप, आबा बाजाराला जळगावात येताहेत, चहाला डोकावतील. झालं! कमलबाई म्हणाली, "अहो, या खेपेला चहा सांडला तर बेबाची आखाजी गेली म्हणून समजा. ताट नको. काहीतरी करा." काहीतरी करा! बायकांचं बरं असतं, काहीतरी म्हणायचं आणि करा म्हणायचं!

शेजारी आमचा रतिलाल, कापडवाला. भिंतीला कान लावूनच जन्मलाय. तो लगेच हजर. "पितांबरभाई, भुसावळ टेसनवर गोऱ्या साहेबाचा चहा मी या डोळ्यांनी पाहिला. लाकडाचा ट्रे! दोन बाजूला दोन कान! कप हलेल तर शपथ!" म्हटलं, लाकडाचा? मग त्यात काय? लाकूड ते लाकूड!

सुताराकडे गेलो. आता आखाजीच्या तोंडावर सुतार मोकळा सापडेल का हो? त्याच्या दारात अख्ख्या पंचक्रोशीची वखरं, तिफणी, जू, ढीग लागलेला. तो वर न बघता म्हणाला, "ट्रे? ट्रेनं पेरतात का काही?" लोक हसले. मी म्हटलं, करवत तरी दे. करवत घेऊन घरी आलो आणि मागच्या पडवीत माळ्यावर चढलो. तिथं आमच्या बापाची पेरणीची तिफण, शेत भावाकडे गेल्यापासून धूळ खात पडलेली. जुनी बाभूळ, तेल पिऊन काळी झालेली. दांडी मोडलेली, फण कधीच निघून गेलेले, नुसतं मधलं जाड लाकूड, फण बसायची तीन भोकं असलेलं. क्षणभर हात थांबला, खोटं कशाला बोलू. पण मग मी म्हटलं, लाकूड ते लाकूड!

तुम्ही कधी जुनी बाभूळ चिरलीय? नका चिरू. चैत्रातलं जळगावचं ऊन, करवत अडकते, घाम डोळ्यात जातो, रतिलाल भिंतीवरून ओरडतोय, "तिरपं चाललं, तिरपं!" अर्धं लाकूड फुटून गेलं, पण वरची फळी निघाली. मग काचेच्या तुकड्यानं खरवडली, वाळूनं घासली, जवसाचं तेल चोळलं... आणि हो, काय रंग आला! काळसर तांबूस, मधूनच सोनेरी रेघ. दोन्ही टोकांना जुन्या कवाडाच्या पितळी कड्या ठोकल्या, हे झाले कान. आणि अक्कल बघा माझी, ती तीन भोकं बुजवली नाहीत! पटाशीनं जराशी गोल केली, की कप बुडासकट आत बसतो. हलवा, तिरपा करा, कप जागचा हलत नाही! साहेबाच्या ट्रेला हे आहे का? रतिलाल म्हणाला, "भाई, तू जिनात फुकट गेलास." कमलबाईनं कडेनं मोगऱ्याची फुलं मांडली, बश्यांखाली विणलेला रुमाल घातला. मी लांबून बघितलं, जवळून बघितलं. ऊर भरून आला हो. लाकूड ते लाकूड, पण हात लागतो!

आबा आले. बरोबर त्यांचे धाकटे भाऊ. धोतर पुन्हा तेच, बगळा! कमलबाई ट्रे घेऊन आली. दार ओलांडलं, उंबरा ओलांडला, थेंब नाही सांडला. आबांनी कप उचलला, बशीत ओतला, फुर्र केलं. भावानं उचलला. मी उचलला. आबा म्हणाले, "चहा फाकडू शे." मी मनात झोका बांधलासुद्धा!

आणि आबा कप परत ठेवायला वाकले... आणि हात तिथंच थांबला. वरती. अधांतरी. नजर ट्रेवर. एक भोक. दुसरं भोक. तिसरं भोक. भावानं पण कप ठेवायला हात पुढे केला, तर आबा ओरडले, "थांब रे! हाई तिफन शे!"

आता शेतकऱ्याच्या डोळ्यापासून तिफण लपते का? मी दगड! मोगरा मांडला, रुमाल घातला, पण बापाची तिफण ती बापाची तिफणच राहिली की! आबा म्हणाले, "तिफनवर उष्टा कप ठेवू का मी? जिना पोटातून दाना पडस, तिले उष्टं लावू?" आणि आम्ही तिघं, तिघांच्या हातात तीन उष्टे कप, ठेवता येईनात, टाकता येईनात. पडद्यामागं कमलबाईची बांगडी वाजायची थांबली. मी मनातला झोका सोडला.

आबांनी विचारलं, "कोनी शे ही?" मी म्हटलं, बापाची. आबांनी कप डाव्या हातात घेतला, उजव्या हातानं तिफणीला... म्हणजे ट्रेला... नमस्कार केला आणि म्हणाले, "बाई, हयद-कुकू लई या." कमलबाईनं आणलं. पूजा झाली, तिथंच, बैठकीत! मोगरा तयारच होता. आणि आबा माझ्याकडे वळले, डोळे ओले हो त्यांचे. म्हणाले, "भाऊ, शेती गई, तरी बापनी तिफन तुम्ही इकी नही. घासी-पुसी चकचकीत करी, आनि आखाजीना तोंडवर पाव्हनाना समोर आनी. अशा घरले पोर नही धाडी तं कोनले धाडू? आखाजीले धाडसू बेबाले!"

आता तुम्ही सांगा, मी काय बोलायचं होतं? आबा, ही मी करवतीनं चिरली, असं? मी मान खाली घातली. आबांना वाटलं, विनय!

पण कप हातातच होते ना! शेवटी कमलबाई पळत गेली आणि काय घेऊन आली? तेच पितळी ताट! कप त्यात ठेवले, ताट तिरपं झालं, कप घसरले, आणि उरलेला चहा... आबांच्या धोतरावर! मी डोळे मिटून घेतले. आबा मात्र खो खो हसले. जाता जाता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, एखादा लाकडाना ट्रे करी ल्या!"

बेबा आली बरं का. झोका चढला, गाणी झाली, सांजोऱ्या झाल्या, कमलबाई चालता चालता हसायची. आणि आखाजीला वाडवडिलांची घागर भरतो ना आपण? बेबानं आज्याची घागर कुठं ठेवली असेल? त्या मधल्या भोकावर! वर डांगर ठेवलं. हलली नाही, सांगतो. म्हणजे एवढे फोड आणून ट्रे केला, त्यावर पाहुणा बसला तो माझाच बाप, आणि बाप असा, की जन्मात चहाला तोंड लावलं नाही!

आता ट्रे देव्हाऱ्याशेजारी. येणारा जाणारा त्याला हात जोडतो, करणाऱ्याला कुणी विचारत नाही. आमचा चहा पुन्हा ताटातून. काल माझ्याच अंगावर सांडला, मी ताटावर वैतागलो. म्हटलं, मोडीत घालू हे, दुसरं काही आणू, पितळ ते पितळ! तर कमलबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "ते ताट माझ्या आईनं रुखवतात दिलंय."

तेव्हापासून मी चहाच सोडला. घ्या, डांगर घ्या. हातात घ्या हं, ताट मागू नका.