उत्तमरावच्या नावाचं रक्त

पूनम : बाळंतपणात सिस्टर म्हणली होती मले, "तुह्या रक्तात 'बी' काविळीचा विषाणू निघाला. आता माहेरच्या सगळ्यायचं तपासून घे." अन् मी शहाणी काय म्हणली? "आमचे बाबा अजून सोयाबीनचं पोतं एकट्यानं उचलतात." वर्ष घालवलं मी त्याच्यात!

उत्तमराव : आताबी उचलतो. आण पोतं.

शालूबाई : पोतं राहू द्या. तुमच्याबी रक्तात तोच निघाला, तवापासून सुईचं नाव काढलं का मांजरावानी कोठीमागं दडता.

पूनम : बाबा, हसू नका. दर सहा महिन्यांनी करायच्या रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय. यकृताच्या कॅन्सरचा इशारा देणारा तो आकडा… वाढलाय. बराच.

शालूबाई : अगं माय! म्हंजे झाला?

पूनम : झालाच असं नाही. सोनोग्राफी करावी लागंल. असलाच तर लहान असतानाच सापडावा, म्हणून तर ही तपासणी. उद्याच बुलढाण्याले जाऊ.

उत्तमराव : रडू नको वं पोरी. मले काई नाई झालं.

पूनम : कागदावर तुमचं नाव आहे, बाबा!

उत्तमराव : नाव माह्यं हाये. रक्त माह्यं नाई.

शालूबाई : म्हंजे?

उत्तमराव : लॅबच्या दारापर्यंत गेलतो. आतून एक बाई दंड दाबत, कण्हत निघाली. माहे पायच उलटे फिरले. माहा दोस्त कडूबा संग होता. त्याले म्हणलं, तुह्यं-माह्यं वय एक, बांधा एक, बस खुर्चीवर अन् सांग माह्यं नाव. मंग दोन प्लेट कचोरी चारली त्याले.

शालूबाई : देवा! लगनाले तरी सोता उभे होते, का तवाबी कडूबालेच धाडलं होतं?

उत्तमराव : तवा सुई नव्हती.

पूनम : बाबा! सकाळपासून पोराले भरवायचं भान नाही मले, अन् तुम्ही कचोऱ्या चारून राह्यले!

उत्तमराव : मंग? हास आता. शालू, चहा ठेव, दूध जास्त टाकून.

पूनम : थांब आई.

शालूबाई : आता काय?

पूनम : रक्त कोणाचंही असो. आकडा तर वाढलाय ना?

उत्तमराव : …कडूबाचा.

शालूबाई : त्यानं तर कदीच काई तपासलं नाई.

पूनम : बाबा, तुम्ही दोघं दाढी कुठं करता?

उत्तमराव : निवृत्ती न्हाव्याच्या ओट्यावर. दर आयतवारी, एकामागं एक.

पूनम : वस्तरा? तो विषाणू रक्तातून लागतो, बाबा.

उत्तमराव : आता पत्ती बदलते तो. पह्यले… एकच होता. लय वर्सं.

शालूबाई : म्हंजे त्याच वस्तऱ्यानं कडूबालेबी लागला असंल?

उत्तमराव : लय हौसेनं दिलं वं त्यानं रक्त. हात पुढं करून मलेच म्हणे, "उत्तम, डोळे मिट, तुलेच चक्कर येईन." त्याले कसं सांगू? तुह्या अंगातलं माह्या नावावर निघालं म्हणू?

पूनम : असंच सांगा. घाबरवू नका, पक्कं काहीच नाही म्हणा. अन् उद्या संग घेऊन या. दोघांचंही करू.

उत्तमराव : माह्यंबी?

पूनम : तुमचं तर यावेळी कोणी पाह्यलंच नाही, बाबा.

उत्तमराव : …मले टोचतानी तो बाजूले बसला तर चालंन का?

पूनम : चालंल. अन् त्याची सोनोग्राफी चालू असंल, तवा तुम्ही बाहेर बसजा. घाला चप्पल. पाहून या बरं, कडूबाकाका घरी आहे का.