ठोकळ्यात उरलेलं मेण

डॉक्टर: काका, तो ठोकळा खिडकीपाशी धरा. काय दिसतंय?

काका: मेण.

डॉक्टर: आणि मेणात बसवलेला पेशंटच्या टाळूचा तुकडा?

काका: संपलाय.

डॉक्टर: गव्हाच्या दाण्याएवढा होता. त्याचे पातळ काप लावलेल्या मी पाच काचा मागितल्या होत्या. पाच काचांत दाणा संपत नाही.

काका: ठोकळा कापायच्या यंत्रात परत लावला की पातळीत आणायला थोडं खरवडावं लागतं, मॅडम. त्यात जातो.

डॉक्टर: हे तुम्हीच मला शिकवलंय. म्हणून तर फॉर्मवर लिहिलं होतं, एकदाच लावा आणि जास्तीचे काप कोरे, न रंगवता ठेवा. किती वेळा लावलात?

काका: नऊ.

डॉक्टर: तीस वर्षं हात बसलाय तुमचा. नवखा पोरगा असता तर समजू शकले असते. काय झालं?

काका: फॉर्मवरचं आडनाव वाचलं नाहीत?

डॉक्टर: तुमचं आडनाव गल्लोगल्ली सापडतं.

काका: वहिनी आहे माझी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिनंच वाढवलं.

डॉक्टर: आणि मला बोलला नाहीत.

काका: बोललो असतो तर ठोकळा दुसऱ्याच्या हातात दिला असतात. पहिल्याच काचेवर चाळणीसारखी भोकं दिसली. मला नावं नाही सांगता येत, पण इतकी वर्षं काचा रंगवतोय, वाईट ओळखता येतं. म्हटलं, खालच्या थरात वेगळं निघेल. मग अजून एक थर. मग अजून एक.

डॉक्टर: निघालं वेगळं?

काका: नाही.

डॉक्टर: निघणारच नव्हतं. टाळूवरच्या या दोन गाठी इतक्या छोट्या तुकड्यात जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. एक संथ असते, तेवढी काढली की बहुतेक वेळा भागतं. दुसरी नसांच्या कडेकडेनं सरकते, तिच्यापायी टाळूचं हाड काढावं लागतं. दोन जनुकं तुटून एकमेकांना चिकटलीत का, एवढं बघितलं की निकाल लागला असता. त्यासाठीच कोरे काप हवे होते.

काका: काचा रंगवलेल्या आहेत सगळ्या. माझ्या कपाटात. त्या चालतील?

डॉक्टर: भरवसा नाही. अर्ध्या भरवशावर मी कुणाचं हाड काढा म्हणणार नाही. तुकडा परत घ्यावा लागेल. सर्जनना मी कळवते, चूक आमच्या विभागाची म्हणून. तुमचं काय करायचं ते मग बघू.

काका: आणि वहिनीला?

डॉक्टर: मी सांगते.

काका: नको. माझं मी निस्तरतो.

(बाहेर, बाकावर.)

वहिनी: आलं का रे उत्तर? तोंड का उतरलंय तुझं?

काका: उत्तर नाही आलं. तुकडा परत घ्यावा लागेल.

वहिनी: परत? मागच्या वेळी आठ दिवस साधं पाणी झोंबत होतं मला. हरवला की काय त्यांनी?

काका: त्यांनी नाही. मी संपवला. काहीतरी बरं दिसेल म्हणून कापत बसलो.

वहिनी: दिसलं बरं?

काका: नाही गं.

वहिनी: म्हणजे वाईट आहे.

काका: वाईट आहे. किती वाईट, तेच कळायचं होतं. ते मी घालवलं.

वहिनी: कुंडीत बी पेरलं की रोज उकरून बघायचास. कोंब फुटला का, कोंब फुटला का. एक रोप जगू दिलं नाहीस.

काका: रागव ना माझ्यावर, वहिनी.

वहिनी: रागावलेच आहे. भीतीही वाटतेय. दोन्हीचं घरी जाऊन बघू. या खेपेला तू कापायचं नाहीस.

काका: नाही कापत.

वहिनी: यंत्राकडे फिरकायचंसुद्धा नाही.

काका: मग मी काय करू?

वहिनी: इथे बस. माझ्याजवळ.