हात पोचंल अशी मोटार

आमचं मूळ मंगळवेढ्याचं, पर माजा जल्म सोलापुरातला. आबा हितल्या गिरणीत इंजनघरात फिटर, आई लवकर गेली, म्हणून त्यांची भाकरी मीच घेऊन जायची आन तितंच बसून ऱ्हायची, त्यामुळं तेलाचा वास मला कदी घाण वाटलाच न्हाय.

लगीन झालं ते फोटूवाल्याशी. मालक बाजारा-बाजारानं फोटू काढत हिंडायचे, बैलगाडीत पेटारा घालून, आन धक्क्यानं, ज्यावर फोटू उतरतो त्या काचा फुटायच्या, लई फुटायच्या. मग ठरलं की जुनी मोटार घ्यायची, तिच्यातच ऱ्हायचं आन तिच्यातच काचा धुवायला अंधारी खोली करायची. साठवलेला समदा पैका त्यात जाणार हुता. मालकांच्या हाताला तेल लागलं की काचंवर डाग पडायचा, तवा इंजन माज्याकडं, ह्ये आदीच ठरलेलं.

इकणाऱ्याच्या आवारात दोन मोटारी. एक कुणा शिकारीच्या शौकिनानं करवून घेतलेली, काय सांगू तुमाला, आत पलंग, आरसा, कपाटं, खिडकीला पडदं. मालक पलंगावर बसले ते उठंनात. दुसरी नुसती खोक्यागत, रंग उडालेला. मी पुढं जाऊन बगितलं तर त्या देखण्या मोटारीचं लाकूड पार इंजनाच्या वर आणलेलं, त्यात पाण्याची टाकी ठोकून बशिवलेली, इंजनाचं झाकण चार बोटंच उघडायचं. मी म्हणलं, मला हात घालून बगायचंय. इकणारा हसला, बाई तुमी चुलीची जागा बगा म्हणाला. मी लुगडं खोचलं, हात घातला, ठिणगी पाडणाऱ्या चार पलगांतले पुढचे दोन लागले, मागचे दोन न्हाईत ते न्हाईतच, कोपर तेवढं सोलून निगालं. मग खोक्याकडं गेले, दोनी बाजूंनी झाकण उघडलं आन त्याची तंबाखू मळून व्हायच्या आत चारी पलग काढून त्याच्यापुढं फडक्यावर मांडले. पुन्ना बशिवता येत्यात का, म्हणाला. बशिवले की. मालकांनी हँडल मारलं आन झाली सुरू.

घेतली तीच, पर मालक दोन दिस आरसा आरसा करत बसले.

पैल्याच खेपेला मोहोळच्या पुढं बंद पडली. पेट्रोलात कचरा. मी झाकण उघडून नळी फुकाय लागले तर शेतातल्या बाया जमल्या, खुरपी हातात तशाच. मालकांना करायला काय न्हवतं, त्यांनी क्यामेरा उभा केला. एक म्हातारी म्हणाली, बाईमाणूस हाय व्हय संगं, मंग माजा बी काढा, नुसत्या गड्यापुढं मी कदी बसले न्हाय. तिच्या मागनं धा-बारा बाया बसल्या, खुरपी मांडीवर घेऊन, हसत. तवापासनं कुटल्याबी गावात बायाच पैल्या येत्यात.

बाया गेल्यावर मालकांनी खोबरेल काडलं, कोपर दाव म्हणाले, आन लावता लावता, खाली बगूनच बोलले, तुजंच बराबर हुतं. लई ग्वाड वाटलं.

लेक मोटारीतच जल्मली. आता सात वर्सांची हाय, आबांपाशी ऱ्हाती, औंदाच साळंत घातली. मास्तरांनी इचारलं, गाव कुटलं, तर ही मोहोळ, नातेपुतं, अक्कलकोट अशी मोजाय लागली. एकच सांग म्हणाले, तर म्हणाली, मोटार. मास्तर हसले आन वहीत सोलापूर लिवलं. ऱ्हावू दे, लिवलंय तर सोलापूरच आमचं. पोर शिकू दे, तुमचं बी बरं व्हवू दे, आन च्या पेल्याबगर उठू नगा.