डाव्या हाताची धार

ओलांचोच्या बाजारात धारवाल्या फर्मिनच्या चाकापुढे रांग लागली होती. सिरिआको आपलं म्यानातलं माचेटे, हातभर लांबीचा सुरा, काखोटीला मारून उभा होता. त्याच्या पुढचा नंबर एवेलियाचा; तिने नवऱ्याचं माचेटे फर्मिनच्या हातात दिलं.

“वहिनी, धार उलटी करायची म्हणता? डाव्या हाताची उजव्याला?”

“हो. लेआंद्रो डावखुरा, मी नाही. गवत कापायला गेलं की पातं माझ्याच पायाकडे वळतं.”

“त्यापेक्षा लहान सुरी घ्या. हे तुम्हाला जड जाईल.”

“लहान घेऊन सापाच्या तोंडाशी वाकू का? ह्याने वाट साफ होते, लाकडं फुटतात, कंद उकरता येतात, नारळ सोलता येतो. घरात दुसरं माणूस नाही, निदान हत्यार तरी मोठं असू दे.”

“एकदा घासलं की नवऱ्याच्या कामाचं राहणार नाही.”

“काका, तो कामासाठी उत्तरेला गेल्यावर त्याचा शेवटचा फोन कधी आला, तुम्हाला आठवतं?”

“मला कसं आठवणार?”

“मलाही आठवत नाही.”

“तरी पण, आलाच तर?”

“तर मी कापलेलं खाईल तो.”

फर्मिनने चाक फिरवलं. ठिणग्या उडत राहिल्या. सिरिआको आपल्या म्यानाचा पट्टा उगाच सोडत-बांधत राहिला.

“मूठही बदलून देतो, वहिनी. लाकडाला त्याच्या डाव्या बोटांचे खळगे पडलेत. तुमच्या हाताला टोचतील.”

“टोचू देत. मुठीला हात लावू नका.”