तोंड तुहं, आवाज माहा

—नाई, असं आ करून नाई बसायचं, धर्मेंद्र. डॉक्टरले दात दाखवून राहिला काय? ओठ हालव नुसते. थोडे. पाय, समजून घे — कॅमेऱ्यासमोर तू, अन माईक घेऊन लॅपटॉपच्या मांगं मी. मुलाखत घेनाऱ्याले तोंड तुहं दिसन अन आवाज माहा ऐकू येईन. एवढंच काम हाय. नोकरी तुले लागते, मले — जाऊ दे. केस नीट कर. पातूरहून एवढी इस्त्री करून आला अन सारी एसटीत चुरगळून टाकली! प्रश्न आला की हनुवटी खाजव, म्हंजे त्यायले वाटन पोट्टा सोचून राहिला. अन मले खोकला आला तं तूई खोकलं पाहिजे. ते अमरावतीचं एक पोट्टं होतं, मांगं मले ठसका लागला अन हे समोर दात काढून हासून राहिलं! गेली ना मुलाखत पान्यात.

काय म्हनतं? मले एवढं येते तं मीच काहून नाई लागलो? — घे! सगळेच इचारतात, पन आल्या आल्या कोनी नाई इचारत, जरा चहा तं पिऊ देतात. अरे बाप्पा, म्याई तोच क्लास केला जो तू केला. कोडिंगचा बूटकॅम्प म्हने. पुन्याचे सर पडद्यावर येऊन सांगत, डिग्री कोनी पायत नाई, काम पायतात. खोटं! काम तं कोनीच पायत नाई. पयला प्रश्न — अनुभव किती? आता नोकरी नाई तं अनुभव कुठून आनू, बाजारात भेटते काय? तं भेटते! क्लासवाल्यानंच मले बाजूले नेऊन सांगतलं, अनुभवाचा कागद बनवून देतो, कंपनीच्या शिक्क्यासकट. किळस आली मले. आमच्या विहारात माहे बाबा लेकरायले पंचशील शिकवतात, त्यातलं चौथं तं मले झोपेतही येते — खोटं बोलनार नाई. म्हनून कागदावर खोटं नाई लिहलं म्या. नाईच लिहलं. मंग बोलाले लागलो. दुसऱ्याच्या तोंडानं. पाय कसं डोकं चाललं माहं!

सरळ बस, पाठीत वाकू नको... ललित नावाचा एक होता, इथल्याच जुन्या शहरातला. याच खुर्चीवर बसला होता. त्याले म्या नोकरीले लावून देलं. मंग रोज फोन — प्रीतमदादा, हे कसं करू, प्रीतमदादा, ते चालून नाई राहिलं — अर्धं काम मीच करून द्यो त्याचं. म्हनलं, पोट्टं आपलं हाय, शिकन. अन तीन वर्षानं त्याच्याच कंपनीत जागा निघाली. म्हनलं, आता बस्स. आता नाव माहं, तोंड माहं, आवाज माहा. अनुभव कोरा सोडला अन अर्ज टाकला — अन बोलावलं ना त्यायनं! पडदा उघडला, समोर तिघं जन, अन मधात कोन? ललित. टाय लावून! मले पाहून पांढरा पडला. मले वाटलं, वळख देईन. तं म्हनते, ‘मिस्टर प्रीतम, टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ अन मंग प्रश्न कोनता इचारला म्हाईत हाय? त्याच्या मुलाखतीत म्या सोडवला होता तोच! म्या उत्तर देलं, शब्दाले शब्द तेच. बाजूचे दोघं मान हालवून राहिले, अन हा म्हनते, कम्युनिकेशन वीक वाटतं. माहं! ज्या आवाजावर पगार घेऊन राहिला, त्याच आवाजाले वीक म्हनते, बेशरम!

नाई. काई नाई बोललो त्याले. म्हंजे बोललो — ‘थँक यू, सर.’ सर म्हनलं म्या त्याले! कडू काकडी चावल्यासारखं तोंड होते अजून, थुंकून थुंकून जात नाई. अन दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन. दादा, मजबुरी होती, समजून घे, नोकरी गेली असती माही — अन दादा, हे एक अडकलं हाय, पायतं काय? ...पायलं. हो, करून देलं! काहून म्हंजे? तू असा पाहू नको माह्याकडे. घरी मायले वाटते मी सॉफ्टवेअरमंधी हाय, साऱ्या जठारपेठेले सांगत फिरते. अन मी इथी, मांगं बसून. मले समोर बसता येते का नाई, तेच आता समजून नाई राहिलं.

काय? तू नाई करशीन असं? राहू दे, राहू दे. ललितनं तं पाय धरले होते माहे. सगळे तसेच. अन मी तुमच्याहून — थांब. वाजलं! माईक दे इकडे. कॉलर नीट कर. हास जरा, मयतीले नाई आला. लाव... हं. हालव ओठ, धर्मेंद्र.

‘गुड मॉर्निंग, सर. येस सर, ऑडिबल, सर. शुअर, सर. माय नेम इज प्रीतम वानखडे—’